ड्यूटी चार्ट आणि घोणस

इंटर्नशिप वर्षभराची. त्यात कॅज्युअल्टीच्या वाट्याला आठवडे फक्त २ आणि अख्ख्या वर्षात रजा मिळून १५ दिवस. २०२१ सालच्या नियमावलीत तसं स्वच्छ लिहिलंय. हे वाचून माझ्यासारखीला वाटतं, दोन आठवडे म्हणजे काय, हां हां म्हणता जातील!

आमच्या बॅचच्या प्रतिनिधीने ड्यूटी चार्ट केला होता. मॉर्निंग ८ ते २, इव्हनिंग २ ते ८, मग नाइट, आणि नाइट ऑफ हिरव्या रंगात. मी त्याच्यावर ताण केली. नाइटचंही तासवार वेळापत्रक आखलं: हँडओव्हर, जेवण, नीट-पीजीचे एमसीक्यू, आणि १ ते ४ 'जमल्यास झोप'. सिस्टरांनी कागद वाचला, 'जमल्यास'वर बोट ठेवलं आणि काही न बोलता ईसीजी मशिनमध्ये नवा रोल घालायला गेल्या.

त्या रोलचंही वेळापत्रक असतं. छातीत दुखतंय म्हणत कुणी आलं की १० मिनिटांत ईसीजी निघायला हवा. शेजारच्या खाटेवर फवारणीचं औषध प्यायलेला माणूस असेल, तर त्याला अ‍ॅट्रोपिन देऊन दर ५ मिनिटांनी छाती ऐकायची. घरघर कमी झाली नाही तर डोस दुप्पट. या दोघांच्या मधे उभं राहिलं की शाळेत शिकलेला लसावि पहिल्यांदा उपयोगी पडतो. तेवढ्यात पोलीस एका झिंगलेल्या इसमाला एमएलसीसाठी घेऊन येतात आणि म्हणतात, "मॅडम, एवढं पटकन लिहून द्या, मला बंदोबस्ताला जायचंय." पोलिसाने 'मॅडम' म्हटलं हेच विशेष. नातेवाइकांच्या लेखी मी रात्रभर 'सिस्टर' असते आणि सिस्टर 'डॉक्टरीणबाई'.

खरं नियोजन होतं ते मामांकडे. मामा ट्रॉली ढकलतात, पण त्याआधी भिंतीवरचं कालनिर्णय बघतात. लग्नाचा मुहूर्त असेल तर वरातीच्या सुमारास टाक्यांचं सामान काढून ठेवायचं. दारूची दुकानं बंद झाली की तासाभराने कापूस. पाऊस सुरू झाला की सापाची लस फ्रिजमध्ये पुढे.

आणि पाऊस सुरू झालाच होता. रात्री दोनच्या सुमारास चौघांनी एका मावशींना उचलून आणलं. "पान लागलंय!" सोबत खताची गोणी, गोणीत मेलेली घोणस. ती टेबलावर ठेवू नका, हे सांगण्यात एक मिनिट गेलं.

घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. ते तपासायची रीत साधी: काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत २ मिली रक्त घ्यायचं, ती उभी ठेवायची आणि २० मिनिटं तिला हात लावायचा नाही. मग एकदाच तिरकी करून बघायचं. सरांनी मला तिच्यापाशी बसवलं. इंटर्नला कुणी अधिकृतपणे 'बस' म्हणतं, असा हा बहुधा एकमेव प्रसंग. मी एमसीक्यूचं पुस्तक उघडलं, तर घोळक्यातला भाचा पुढे झाला, नळी उचलली, ट्यूबलाइटसमोर आडवी धरली आणि आपुलकीने विचारलं, "जमलं का हो, सिस्टर?"

पुन्हा रक्त, पुन्हा नळी, पुन्हा २० मिनिटं. या वेळी मी 'हात लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवली. त्यामुळे जे नळीकडे बघत नव्हते, तेही काय लिहिलंय ते वाचायला जवळ आले. शेवटी पुस्तक मिटलं आणि स्वतःच राखणीला उभी राहिले. वेळ भरली, नळी तिरकी केली, रक्त पाण्यासारखं वाहिलं. लसीच्या १० कुप्या सुरू झाल्या. सर म्हणाले, "सहा तासांनी परत बघ." घड्याळात अडीच वाजले होते. माझी ड्यूटी संपणार आठला.

आठला रिलीव्हर आला. त्याला मी सगळं सांगितलं, भाच्याचं वर्णन दोनदा सांगितलं, तरी पाय निघेना. साडेआठला पुन्हा रक्त काढलं, नळी उभी केली. २० मिनिटांनी तिरकी केली तेव्हा रक्त जागचं हललं नाही, घट्ट बसलेलं होतं. मी खूश होऊन मावशींच्या खाटेकडे वळणार, तोच दारातून भाचा ओरडला, "मॅडम, या वेळी मी बाहेरच होतो हां! चहावाल्याला विचारा!"