घरचा माणगा

आमच्या पडवळीला विकतची काठी लागत नाही, हे मी पाहुण्यांना चहा यायच्या आत सांगून टाकतो. नर्सरीत हल्ली प्लास्टिक चढवलेल्या हिरव्या नळ्या मिळतात. त्यांना बांबूसारखी खोटी पेरंसुद्धा काढलेली असतात. त्या पाहिल्या की माझ्या अंगात खोत संचारतो. आमच्या परसात माणगा बांबूचं बेट आहे! बिनकाट्याचा, जवळजवळ भरीव, सरळसोट.

पाहुणे भाजी बघायला जातात, मी त्यांना काठीकडे वळवतो. तीन वर्षांचा जूनच तोडायचा, पावसाळा सरल्यावर, तोही अंधाऱ्या पंधरवड्यात. मग वहाळात भिजत घालायचा, म्हणजे आतला गोडवा धुऊन जातो आणि भुंगा फिरकत नाही. जमिनीत जाणाऱ्या टोकाला वाळवीसाठी डिंबेल, म्हणजे काजूच्या टरफलांचं तेल, फासायचं. चंद्राचा आणि भुंग्याचा नेमका संबंध काय, असं एकाने विचारलं. त्याला दुसरा चहा मिळाला नाही.

आता मुख्य विषय. १९२७च्या भारतीय वन कायद्यात बांबू हे झाड होतं. वनस्पतिशास्त्राच्या लेखी ते गवत. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि जंगलाबाहेर वाढलेला बांबू झाडपणातून सुटला. म्हणजे नव्वद वर्षं आमच्या घराण्याने गवत कापलं की कागदोपत्री वृक्ष कोसळायचा. बायकोला हे सगळं रंगवून सांगितलं. तिला एवढंच कळलं की मी गवत कापतो. "मग अंगणातलंही काप," ती म्हणाली.

गवत म्हटल्यावर भात, ऊस आणि बांबू एकाच कुळातले. ताटातला भात, चहातली साखर आणि पडवळीची काठी, सख्खे नसले तरी भाऊबंद. आणि कोकणात भाऊबंद म्हटलं की विषय सातबाऱ्यावर जातोच. आमचं बेट सामाईक आहे. ज्या काठीला मी 'घरची' म्हणतो तिच्यात डोंबिवलीच्या, नालासोपाऱ्याच्या आणि कधीच न पाहिलेल्या बडोद्याच्या चुलतभावाचा हिस्सा आहे. पेरागणिक वाटणी झाली तर माझ्या वाट्याला मांडव सोडाच, एका मिरचीच्या रोपाचा टेकू येईल.

श्रावण संपत आला की सुपं विणणारे एक म्हातारे गृहस्थ येतात. गौरीच्या ओवशाला सुपं लागतात, आणि भाद्रपद काही पावसाळा सरायची वाट बघत नाही. यंदा ते मांडवाखाली उभे राहिले, वर पाहिलं.

"माणगो बरो आसा," म्हणाले. "वेल खंय आसा?"

वेल होता. नीट पाहिलं तर दिसत होता.

आमची स्पर्धा नाही. त्यांना कोवळा माणगा लागतो, जून झाला की पट्टी नीट सुटत नाही. मी वय लक्षात ठेवायला काठ्यांवर चुन्याच्या खुणा करतो, ते नुसतं बोटांनी वाजवून सांगतात. आजीच्या काळी त्यांनी माणगे न्यावेत आणि सूप-रोवळी आणून द्यावी, असा व्यवहार होता. आता बाजारात प्लास्टिकची सुपं आली. खोट्या पेरांच्या नळीला मी हसतो, पण ते सूप बघून मला खरंच राग येतो. कोणावर काढावा, हे कळत नाही. त्या गृहस्थांचा मुलगा गोव्यात कंपनीत जातो, विणायला बसत नाही. का बसावं? कष्ट त्याचे आणि वीस रुपये कमी करायला आम्ही. प्लास्टिकच्या सुपावर छापील किंमत असते, तिथे आम्ही निमूट पैसे मोजतो.

तोडायचे तर कोणाला विचारायला हवं, असं त्यांनी विचारलं. "मलाच," मी छाती काढून म्हणालो, आणि सामाईक गवत त्यांच्या खांद्यावर चढवलं.

संध्याकाळी डोंबिवलीच्या चुलतभावाचा फोन आला. माझ्या पोटात गोळा. पण बेटाचा विषय त्याने काढलाच नाही. गणपतीला येतोय, यंदा पडवळं किती लागली, एवढंच विचारलं.

मी त्याला मांडवाची लांबी-रुंदी सांगितली.