कंपनी फिटेड

दादाच्या गाडीविषयी दादाला काही विचारावं लागत नाही. गाडीच्या दिशेनं नुसती मान वळली तरी पुरे. रंकाळ्यावर भेळ खाऊन एखादा बापडा आपली स्कूटर कुठं लावली ते शोधत असतो, तेवढ्यात मागून आवाज येतो, "अलॉय बघतायसा व्हय? अठरा इंची हायत. कंपनीचे काढून टाकले. काय शोभा नव्हती त्यास्नी." स्कूटर सापडेपर्यंत त्या माणसाला सस्पेन्शन, स्पीकर, सीट कव्हरचं शिवणकाम करणारा कारागीर आणि त्याचा स्वभाव, एवढं सगळं कळलेलं असतं.

दादा ही एक व्यक्ती नव्हे, जमात आहे. पुण्यात ती नाना पेठेत सापडते, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर. पण मूळ पीक कोल्हापूर, सांगली, सातारा पट्ट्यातलं. वय तीस-पस्तीस, वडिलांचा ऊस, स्वतःचं काहीतरी 'एंटरप्रायजेस', ज्यात नेमकं काय चालतं ते वहिनींनाही सांगता येत नाही. गाडी स्कॉर्पिओ. नंबर 4141, जास्तीचे पैसे भरून घेतलेला. कारण हे आकडे देवनागरीत जरा शेपट्या वळवून काढले की 'दादा' असं वाचता येतं. शोरूममधून आलेली एचएसआरपी नंबर प्लेट म्हणजे सरकारनं दादाचा केलेला पाणउतारा होता. सगळे आकडे इंग्रजी, एका ठशाचे, शेपटीला वावच नाही. दादानं रिव्हेट तोडून ती काढली, पेंटरकडून 'दादा' काढून घेतला, ट्रॅफिक पोलिसानं दंड केला, एचएसआरपी परत आली. तेव्हापासून मागच्या काचेवर हातभर अक्षरांत स्टिकर आहे. उरलेल्या फटीतून मागचं जेवढं दिसतं तेवढं दिसतं.

मी विम्याचा एजंट आहे. दादाची पॉलिसी माझ्याकडे असते. त्यामुळे दादाचा एक गुण मला जवळून बघायला मिळतो, जो रंकाळ्यावरच्या लोकांना कधीच दिसत नाही. तो म्हणजे मौन.

त्याआधी गाडीत काय काय आहे ते सांगायला हवं. कोल्हापुरात जन्मलेल्या हौशी माणसाला एक शाप आहे, उद्यमनगर. तिथं टेबलावर सांडलेल्या चहात बोट बुडवून काढलेल्या आकृतीवरून लोक संध्याकाळपर्यंत वस्तू बनवून देतात. दादाचा पुढचा गार्ड असाच जन्मला. जाड पाइपचा, म्हशीलाही मान झुकवावी वाटेल असा, वर दोन लाल हूक. त्या हुकांनी आजवर काहीही ओढलेलं नाही. डिसेंबर 2017 मध्ये केंद्र सरकारनं सगळ्या राज्यांना पत्र धाडून असले गार्ड बंद करायला सांगितलं, ते मी दादाला वाचून दाखवलं होतं. कारण सोपं आहे. कंपनीनं गाडीचं नाक मुद्दाम चेपणारं केलेलं असतं. ते चेपतं, धक्का गिळतं, सेन्सरला खबर जाते आणि एअरबॅग उघडते. पुढे लोखंड आलं की धक्का सरळ चासीत आणि सेन्सर बुचकळ्यात. शिवाय समोर पायी चालणारा माणूस असेल तर त्याचं काय होतं ते सांगायला नको. दादानं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पन काका, दिसायला कसा हाय?"

सायलेन्सर हा गाडीचा आवाज कमी करण्यासाठी असतो, हे मत जुनं झालं. दादाचा सायलेन्सर दादा येतोय हे तीन गल्ल्या आधी कळवतो. शहराशहरांत पोलीस असले सायलेन्सर ओळीनं रस्त्यावर मांडून रोड रोलरखाली घालतात, त्याचे फोटो पेपरात येतात. दादा ते फोटो मोठे करून बघतो. हळहळून नव्हे, कुठल्या मेकचे आहेत ते ओळखायला. काचांना काळी फिल्म आहे, जिला सुप्रीम कोर्टानं 2012 मध्येच मनाई केली. आणि रंग. आरसीवर गाडी पांढरी, रस्त्यावर काळी, तीही मॅट. रंग बदलला तर आरटीओत नोंद लागते असं म्हटलं की दादाकडे उत्तर तयार: "रंग कुठं बदललाय? रॅप हाय ह्यो. शर्ट बदलला म्हनून मानूस आधार कार्ड बदलतोय व्हय?"

आता फॉर्म. विम्याच्या प्रपोजल फॉर्ममध्ये एक निरुपद्रवी ओळ असते. गाडीत मूळ रचनेपेक्षा काही बदल केले आहेत काय? जास्तीच्या वस्तू बसवल्या आहेत काय? असल्यास किंमत. पुढं रिकामी जागा. ज्या माणसानं न्हाव्याला, न्हाव्याच्या पोऱ्याला, लग्नात शेजारी जेवायला बसलेल्या अनोळखी पाहुण्याला आणि एकदा तर मयतीला आलेल्या मंडळींना वूफरचा वॅट सांगितला, तो या रिकाम्या जागेपुढे मौनी बाबा होतो. पंख्याकडे बघतो. चहा मागवतो. शेवटी म्हणतो, "त्येच्यात काय लिवायचं? 'नाही' लिवा. बदल म्हंजे काय, हौस हाय ती."

मी समजावतो. विमा कंपनीला गाडी दिसत नाही, कागद दिसतो. कागदावरच्या पांढऱ्या, सतरा इंची चाकांच्या, शांत स्वभावाच्या गाडीचा हप्ता तिनं काढलाय. म्युझिक सिस्टीम, जास्तीचे दिवे, या कायद्यात बसणाऱ्या वस्तू सांगितल्या की किमतीच्या साधारण चार टक्के जादा हप्ता आणि विषय संपला. एक लाखाच्या सामानाला वर्षाला चार हजार. सीएनजी किट असेल तर आधी आरसीवर नोंद, मग तसाच हिशेब, वर थर्ड पार्टीचे साठ रुपये. न सांगितलेल्या वस्तूचा पैसा क्लेममध्ये मिळत नाही, हे तर उघडच. खरी ग्यानबाची मेख पुढं आहे. कंपनीची वायर कापून तुम्ही दिवे जोडले, शॉर्टसर्किट झालं, गाडी पेटली, तर विमा कंपनी म्हणते हे दिवे आमच्या ओळखीचे नाहीत. मग दिव्यांबरोबर गाडीचाही क्लेम अंधारात.

"आनि गार्ड, सायलेन्सर?" दादा विचारतो.

ते सांगूनही उपयोग नाही, ते कायद्यातच बसत नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम 52. आरसीवरचा तपशील आणि मूळ गाडी यांत फरक पडेल असा बदल चालणार नाही, हे 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत मालकाला शिक्षा आली. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड, किंवा दोन्ही. कैदेचा भाग दादाच्या कानावरून गेला. दंडाचा मात्र त्यानं बोटांवर हिशेब केला. "सात बदल धरा. पस्तीस हजार." मग तुच्छतेनं, "एवढ्यात तर चांगला ॲम्प्लिफायर येतोय."

दादाच्या मौनाला एकच अपवाद आहे. त्यानं गाडीला चोरी रोखणारं एक यंत्र बसवलंय. एआरएआय, म्हणजे पुण्यात वेताळ टेकडीवर ती जी मोठी संस्था आहे, तिची मान्यता असलेलं यंत्र असेल तर हप्त्यात अडीच टक्के सूट देण्याची पद्धत आहे, जास्तीत जास्त पाचशे रुपये. हे कुठून कळलं कोण जाणे, पण दादा त्याची पावती लॅमिनेट करून घेऊन आला. "ह्ये मातुर लिवा हं काका. आपन काय लपवत न्हाई."

मग आयडीव्हीचा, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीचा आकडा येतो आणि दादाच्या काळजात कळ उठते. तीन वर्षं ओलांडलेल्या गाडीची किंमत कागदावर चाळीस टक्क्यांनी उतरते. दादा उसळतो. "एवढीच? आवो, दोन लाखांचं सामान घातलंय गाडीत!"

"लिहू का मग दोन लाख?"

"नगं, नगं."

असा माणूस दुर्मीळ असतो, ज्याची मालमत्ता दर वर्षी एका मिनिटात दोन लाखांनी वाढून पुन्हा तेवढीच घटते. या भीतीपायी दादानं यंदापर्यंत एकही क्लेम केला नव्हता. दाराला पोचा आला, मागचा बंपर फाटला, सगळं खिशातून. कारण क्लेम म्हणजे सर्व्हेअर आणि सर्व्हेअर म्हणजे डोळे. विमा कंपनीला यातलं काय कळणार? तिनं दादाला सुरक्षित चालक मानून पस्तीस टक्के नो क्लेम बोनस देऊन टाकला.

जाता जाता सांगतो, गाडीत केलेला प्रत्येक बदल महाग पडतो असं नाही. माझ्याकडे एक गुरुजी आहेत, पायानं अधू. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हातानं चालवता येतील अशी गाडी त्यांनी करून घेतली, आरटीओत रीतसर नोंद केली. अशा गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात निम्मी सूट ठरलेली आहे. गुरुजींचा फॉर्म म्हणजे दहावीच्या पेपरासारखा. प्रत्येक रकाना भरलेला, खाली रेघ. दादानं तो माझ्या टेबलावर पाहिला आणि हळूच विचारलं, "ह्येनी येवढं सगळं सांगितलं, तरी हप्ता कमी?" बराच वेळ तो आपल्या पायांकडे बघत होता. मी फाईल मिटली.

यंदा हंगाम सुरू झाला आणि जे व्हायचं ते झालं. कागलहून येताना रात्री पुढं उसाची ट्रॉली, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. दादाच्या गाडीला मूळचे दोन आणि हौसेचे चार दिवे आहेत, समोरून येणाऱ्याला दोन मिनिटं काही दिसत नाही एवढा उजेड. पण दादा त्या क्षणी आतल्या दिव्यांचा रंग जांभळ्याचा निळा करत होता. दादा वाचला, कपाळाला टेंगूळ. एअरबॅग उघडलीच नाही. गार्ड मात्र शाबूत, फक्त तो आता रेडिएटरच्या पलीकडे होता. हा खर्च खिशातून होण्यातला नव्हता.

सर्व्हेअर साहेब शिरोली नाक्याजवळच्या गॅरेजात आले. बारकी अंगकाठी, स्वेटर, खिशात छोटी टॉर्च. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि वही उघडली. दादा मला म्हणाला होता, "काका, तुमी गप ऱ्हावा. मी बघतो." मी गप राहिलो आणि भिंतीवरचं ऑइलच्या कंपनीचं कॅलेंडर वाचू लागलो.

"चाकं?"

"कंपनी फिटेड."

"हे चार दिवे?"

"टॉप मॉडेल हाय साहेब. कंपनी फिटेड."

"गार्ड?"

"शोरूमवाल्यांनी भेट दिली. म्हंजे कंपनीचाच."

साहेबांनी बॉनेटवर बोट फिरवलं. "आरसीला रंग पांढरा आहे."

"पांढराच हाय," दादा म्हणाला. "हंगाम सुरू हाय न्हवं. कारखान्याची काजळी बसती."

साहेबांनी बोट बघितलं. स्वच्छ होतं. त्यांनी काही न बोलता पुढचं पान उलटलं. एवढ्या वर्षांत दादाला इतकं कमी बोलताना मी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, निभावतंय. मेकॅनिकनं गार्ड आधीच बाहेर ओढून ठेवला होता. साहेब म्हणाले, रेडिएटर गेलाय, पण क्षणभर चालू करून बघू, इंजिन लागलंय का कळेल. मेकॅनिकनं चावी फिरवली. पत्र्याची शेड थरथरली, शेजारच्या टपरीवरचं कुत्रं उठून रस्त्यापलीकडे गेलं. गाडी बंद झाल्यावर साहेब डोळे मिटून उभे होते.

"आवाज मात्र लई भारी आहे हो," ते म्हणाले. "आमचं पोरगं मागं लागलंय, असलाच पाहिजे म्हणून."

साहेबांना दोन मुली आहेत, मुलगा नाही, हे मला माहीत होतं. दादाला माहीत नव्हतं. दादाचा चेहरा मात्र असा उजळला, की टेंगूळसुद्धा दिसेना.

"त्येला माझ्याकडं पाठवा," दादा म्हणाला. "हितं कोल्हापुरात असला दुसरा न्हाई. उद्यमनगरात करून घेतलाय, पूर्न स्टीलचा, आतली जाळी काढून. कंपनीचा फेकून दिला, बायकी आवाज हुता. आनि नुसता सायलेन्सर बसवून भागत न्हाई साहेब, ईसीयू रिमॅप लागतोय, त्यो पुन्याला जाऊन केला. रॅप बी तिथंच. धा म्हैन्यात एक फोड न्हाई, हात लावून बघा. ह्ये अलॉय अठराचे, ह्ये चार दिवे वेगळ्या रिलेवर…"

साहेब मान डोलावत भराभर लिहीत होते. मी खोकलो. पुन्हा खोकलो. मेकॅनिकनं मला पाणी आणून दिलं.

"सायलेन्सर, पंचेचाळीस हजार," साहेब लिहिता लिहिता पुटपुटले.

दादा वहीवर वाकला. "सत्तेचाळीस लिवा," तो म्हणाला. "फिटिंग धरून."