टिकत नाहीत हो पोरं!

हल्लीची पोरं कामावर टिकत नाहीत, असा ठेकेदारमंडळींचा लाडका आळ आहे. जुना गवंडी एकाच मुकादमाकडे जन्म काढायचा, ही निष्ठा खरीच. फक्त ती पुष्कळदा उचलीच्या वहीत नोंदलेली असे. उचल फिटेपर्यंत माणूस जाणार कुठे? आजचा बिगारी नाक्यावर उभ्या उभ्या फोनवरून चार साइटचे दर काढतो, हेल्मेट मागतो, आठवड्याचा हिशेब आठवड्याला मागतो. याला माज म्हणतात. बिल्डर सिमेंटचे चार दर काढतो, तो मात्र व्यवहार!

कोणी म्हणेल, हातातली कला गेली त्याचं काय? आक्षेप रास्त आहे. ओळंबा धरून गिलावा सरळ ओढणारे हात विरळ झालेत. पण ॲल्युमिनियमच्या साच्यात तयार काँक्रीट ओतून भिंती उभ्या करणाऱ्यांना ही कला हवी होती कधी? आणि निष्ठाच मोजायची, तर दोन्ही बाजूंची मोजा. बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. निम्मी हयात राबलेल्या मिस्त्रीलाही तो देताना कित्येक ठेकेदारांच्या पेनातली शाई नेमकी संपते.