घाबरावे कसे? संघात नव्याने आलेल्या मुलींसाठी

विद्यापीठाच्या खो-खो संघात निवड झाली, अभिनंदन. पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला अजून आठवडा आहे, म्हणजे घाबरायला वेळ भरपूर आहे. घाई करू नकोस. सगळी भीती पहिल्याच दिवशी उरकलीस तर ऐन सामन्याला काय उरणार?

घाबरण्याच्या सरावाला चांगली जागा म्हणजे स्पर्धेला नेणारी रेल्वे. अर्ध्या संघाची तिकिटं वेटिंगवर असतात, त्यामुळे एका बर्थवर दोघी आणि झोप कुणालाच नाही. अशा वेळी मोबाइलवर समोरच्या संघाचे जुने व्हिडिओ लावावेत. त्यांची ती खांबावर सूर मारणारी मुलगी पुन्हा पुन्हा बघावी. दर वेळी ती वीतभर उंच दिसू लागते. एवढ्यात घरून फोन येईल: "गुडघे सांभाळ गं, पुढच्या महिन्यात पाहुणे यायचेत." हो म्हणावं. गुडघे सांभाळून खो-खो कसा खेळतात ते अजून कुणाला जमलेलं नाही.

सामन्याच्या सकाळी पोह्यांचा घास तोंडात फिरत राहील, तळहात गार पडतील आणि मैदानावरच्या एकुलत्या एक, कडी नसलेल्या संडासाकडे तुझ्या तीन चकरा होतील. हे सगळं नियमाप्रमाणे चाललंय. अ‍ॅड्रेनलिन वाढलं की शरीर पोटाचं रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळवतं. पळायचंच तर आहे तुला. मग सर येऊन म्हणतील, "टेन्शन घेऊ नका." ज्यांना तोवर टेन्शन आलं नव्हतं त्यांनाही ते यानंतर येतं. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गाण्याआधी किंवा भाषणाआधी 'मी शांत आहे' असं स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा 'मला उत्साह वाटतोय' म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. धडधड तीच असते, नुसतं नाव बदलायचं. पण हे सरांना सांगायला जाऊ नकोस, त्यांना वाईट वाटेल.

पाळीची तारीख स्पर्धेतच येईल, याची खात्री बाळग. किटच्या शॉर्ट्सचा रंग ज्यांनी ठरवला त्यांना ही अडचण कधी आलेली नसते, म्हणून तो हमखास फिका असतो. विंबल्डनलासुद्धा पांढऱ्याच्या आत गडद शॉर्ट्स घालायची मुभा द्यायला 2023 उजाडलं. आपल्या क्रीडा विभागाला थोडा वेळ दे. तोवर गडद सायकलिंग शॉर्ट्स आणि जास्तीचे पॅड सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेव आणि मॅनेजर मॅडमना आधीच सांगून टाक. पाळी पुढे ढकलायची मैत्रिणीची गोळी मात्र डॉक्टरांना न विचारता घेऊ नकोस. हे गमतीत नाही सांगत.

आता मुख्य धडा: दुसरी तुकडी. संरक्षणाला तिघी-तिघी उतरतात आणि नव्या मुलीला बहुतेक दुसऱ्या तुकडीत टाकतात. पहिल्या तिघी चाळीस सेकंदांत बाद होतील की चार मिनिटं काढतील, हे कुणालाच ठाऊक नसतं. तिसरी बाद झाली की तुम्ही लगेच आत. तोवर रेषेबाहेर बसून बुटाची लेस चौथ्यांदा सोडायची आणि पाचव्यांदा इतकी आवळायची की पाऊल बधिर व्हावं. इथे एक अवघड पेच आहे. आतल्या तिघी लवकर बाद होऊ नयेत असं मनापासून वाटतं, आणि एकदाच्या होऊन सुटू दे असंही तितकंच मनापासून वाटतं. दुसरी गोष्ट कुणी बोलून दाखवत नाही. शेजारच्या ताईच्या बुटाकडे बघ, तिचीही लेस सुटलेली असेल.

आक्रमणात भीती वेगळी. तू चौकोनात उकिडवी बसलेली, मागून धावत येणाऱ्या पावलांचा आवाज, आणि 'खो' मिळण्याआधीच उठलीस तर फाऊल. यावर उपाय सोपा आहे, कान पाठीला लावायचे. जमलं तर मलाही सांग.

आणि हो, सामन्याआधी दहा मिनिटं कर्णधार ताई दिसेनाशी होते. शोधायला जाऊ नकोस. पाण्याच्या टाकीमागे ती सकाळचे पोहे परत करत असते. दर सामन्याला करते, आणि मग डावभर वाऱ्यासारखी पळते. तोंड धुऊन येईल, सगळ्यांना गोल उभं करेल आणि म्हणेल, "टेन्शन घेऊ नका." गंभीर चेहऱ्याने मान डोलाव आणि पाण्याची बाटली पुढे कर.