आप्पांची कंपनी

बंद पडलेल्या गोष्टीवर जीव लावून बसलेला एखादा माणूस प्रत्येक गावात असतो. कुणाचा जीव जुन्या टॉकीजमध्ये, कुणाचा सूतगिरणीत. आमच्या जळगावच्या आप्पांचा जीव एका विमानकंपनीत आहे. ना त्यांचे शेअर होते, ना नोकरी. तरी बोलताना कायम "आपलं विमान".

म्हणजे एअर डेक्कनचं. २००३ साली कॅप्टन गोपीनाथांनी काढलेली, रुपयाच्या तिकिटानं गाजलेली आणि पुढे किंगफिशरच्या पोटात गेलेली ती थोरली डेक्कन नव्हे. "ती मोठ्या लोकांची," असं म्हणून आप्पा तिला एका वाक्यात निकालात काढतात. त्यांची धाकटी. सरकारच्या उडान योजनेतून त्याच गोपीनाथांनी पुन्हा उभी केलेली, २३ डिसेंबर २०१७ ला मुंबई-जळगाव सुरू झालेली. जळगावच्या कुसुंब्यातल्या विमानतळाचं उद्घाटन २०१२ सालीच उरकलं होतं. धावपट्टी तयार, फक्त रोजचं प्रवासी विमान तेवढं यायचं राहिलं होतं.

आप्पा पहिल्या आठवड्यातच गेले. पिशवीत लेकीसाठी भरिताची वांगी. त्या प्रवासाचा बोर्डिंग पास त्यांनी लॅमिनेट करून घेतलाय. पाहुण्याचा चहा निम्मा झाला की तो शोकेसमधून बाहेर येतो. काकू त्याच क्षणी आत जातात.

"बीचक्राफ्ट! अठरा सीट!" आप्पा सुरू होतात. "इकडे एक, तिकडे एक, मधून वाट. म्हणजे ज्याला त्याला खिडकी. भांडायचं कुणाशी?" हवाईसुंदरी होती का, असं कुणी चावटपणे विचारलंच, तर शांतपणे उत्तर येतं, "एवढ्याशा विमानात लागतच नाही. नियम आहे." नियम आप्पांना पाठ. उडानमध्ये निम्म्या जागांना ठरीव भाडं, कंपनीची तूट सरकार भरणार, तीही तीनच वर्षं. आमदारांना जमलं नसतं इतकं सोपं करून ते सांगतात.

भुसावळहून रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठणाऱ्याची तर त्यांना मनापासून कीव येते. "आपल्याला तास-सव्वा तास लागायचा, बरं का!"

फेऱ्या पुढे विरळ का झाल्या, हे मात्र विचारू नये. विचारलंच तर तासभर मोकळा ठेवावा. मुंबईत लहान विमानाला उतरायला वेळच मिळत नाही, इथपासून ते चालू होतात. मोठ्या कंपन्या, दिल्ली, सगळ्यांची हजेरी घेतात. कंपनीला स्वतःला एका शब्दानं बोलत नाहीत. खरं सांगायचं तर मुंबईबद्दलचा मुद्दा त्यांचा बरोबरच आहे, पण तो आम्ही इतक्यांदा ऐकलाय की कबूल करायचं त्राण उरत नाही. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनात डेक्कननं उड्डाणं थांबवली. "करोनानं गेली," असं आप्पा सांगतात, आणि ऐकणारा नवखा असेल तर कोण गेलं म्हणून हळहळतोही.

मधे ट्रूजेट आली, तीही गेली. २०२४ मध्ये फ्लाय९१ नं गोव्याचं विमान सुरू केलं, तेव्हा आप्पांनी आधी नाक मुरडलं. "एटीआर आहे. सत्तर सीट. कुणाला खिडकी, कुणाला नाही." आठवड्याभरात तिकिटं काढून मोकळे.

"गोव्यात जाऊन करायचं काय?" काकूंनी विचारलं.

"परत यायचं," आप्पा म्हणाले. "त्याच विमानानं."