मणक्याने कुठे सरकावे

भरतीच्या वेळी लष्कराचा डॉक्टर पोरांना उघडं करून छाती फुगवायला लावतो, गुडघ्याला गुडघा लागतो का पाहतो, तळपाय सपाट म्हणून कित्येकांना घरी धाडतो. एवढ्या चाळणीतून पार झालेला माढ्या-बार्शीकडचा गडी २४ वर्षं पाठीवर ओझं वाहतो आणि हवालदार होऊन रिलीज मेडिकल बोर्डापुढे उभा राहतो. बोर्ड उदार असतं. मणक्यातली चकती सरकलीय, मान्य. डावा पाय बधिर, तेही मान्य. अपंगत्व ३० टक्के, आजन्म. फक्त नोकरीशी त्याचा संबंध नाही. दुखणं सुरू झालं तेव्हा हवालदार पीस स्टेशनला होते ना!

म्हणजे चूक मणक्याचीच. फील्डला असताना त्याला सुचलं नाही आणि शांततेच्या जागी बदली होताच सरकला निवांत. जवानांनी यापुढे पोस्टिंग ऑर्डरची एक प्रत मणक्याला वाचून दाखवावी.

डिसॅबिलिटी पेन्शनचं गणितही बघा. माणूस शंभर टक्के निकामी झाला, तर शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. २० टक्के भरले की धरायचे ५०. १९ भरले तर बहुधा भोपळा. हा मधला एक टक्का नेमका कुठल्या मणक्यात असतो, ते एमआरआयवाल्यालाही सांगता यायचं नाही.

वीसचे पन्नास करण्याची सवलत १९९६ची. पण ती आजारपणामुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांनाच, असं सरकार अडून बसलं. दुखणं सोसत नोकरी पुरी केली तो वेडा! सुप्रीम कोर्टाने २०१४ साली रामअवतार प्रकरणात हे मोडून काढलं. त्याआधी २०१३ला धरमवीर सिंग प्रकरणात बजावलं होतंच : भरतीच्या कागदांत दुखण्याची नोंद नसेल, तर ते नोकरीतच जडलं असं धरा. बोर्डाचं टपाल बहुतेक उशिरा पोचतं.

तेव्हा हवालदारसाहेब, सोलापूरच्या सात रस्त्यावर चहा घ्या आणि तयारीला लागा. पहिलं अपील, दुसरं अपील, मग सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. तिथे जिंकलात तर सरकार वर जाऊ शकतं. तेव्हाचे संरक्षणमंत्री पर्रीकर यांनी नेमलेल्या समितीने २०१५ साली अशी अपिलं मागे घ्या म्हणून सांगितलं होतं, पण समित्यांचं काय एवढं मनावर घ्यायचं?

मुंबईला निघताना सिद्धेश्वर एक्स्प्रेसला वरची बर्थ मिळाली तर चढताना मात्र आजूबाजूला बघून घ्या. सरकारी वकील त्याच डब्यात असला, तर तुमची पाठ बरी झाल्याचा साक्षीदार त्याला आयताच मिळेल.