टेबल नाही म्हणे!

मायएसक्यूएलच्या तक्रारींना क्रमांक असतात. त्यांतला ११४६ फारच शांत स्वभावाचा: 'अमुक टेबल अस्तित्वात नाही.' बस. का नाही, कालपर्यंत होतं का, या चौकशीत तो पडत नाही.

आमच्या ग्रंथालयाचा डेटाबेस विंडोजवरून लिनक्सवर नेताना त्याची गाठ पडली. सभासदांचं टेबल नाही म्हणे. आता, विंडोजवरचं मायएसक्यूएल टेबलांची नावं मुकाट लहान लिपीत लिहून ठेवतं आणि हाक कशीही मारा, ओ देतं. लिनक्सवर मात्र मोठा एम आणि छोटा एम म्हणजे दोन वेगळे सभासद. टेबल आलं छोट्या एमने. कुणीतरी हाताने लिहिलेली स्क्रिप्ट मोठ्या एमचा पुकारा करत बसलेली.

कधी टेबलं येण्याचा क्रम चुकतो. देवघेवीचं टेबल आधी आलं आणि ते ज्याच्या भरवशावर उभं, ते सभासदांचं टेबल मागून येतंय. म्हणून डंप फाइलच्या, म्हणजे डेटाबेस उतरवून घेतलेल्या फाइलीच्या, माथ्यावरच फॉरेन की तपासणी बंद करणारी ओळ असते. पण ती दिसते हुबेहूब कॉमेंटसारखी: तिरकी रेघ, तारा, उद्गारचिन्ह आणि पुढे ४००१४. हा आकडा म्हणजे '४.०.१४ किंवा त्यापुढची आवृत्ती असेल तर हे चालव' असा हुकूम. टापटिपीची आवड असलेली माणसं असल्या ओळी कचरा समजून उडवतात. टापटिपीबद्दल माझं मत तेव्हापासून फारसं चांगलं नाही.

खरी गंमत जुन्या आवृत्त्यांत. डेटाबेसचा नुसता फोल्डर उचलून आणला, की यादी मागितल्यावर टेबल दिसतं. आतलं काही मागितलं, की अस्तित्वात नाही! कारण यादी बनते फोल्डरातल्या एफआरएम फाइलींवरून, आणि टेबलं प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या इनोडीबी या इंजिनाची स्वतःची नोंदवही मागे, आयबीडेटा फाइलीत राहिलेली. पेन्शनरने खिडकीशी स्वतः उभं राहावं आणि आतून हयातीचा दाखला मागावा, तसंच हे. २०१८च्या ८.० आवृत्तीने एफआरएम फाइलीच काढून टाकल्या, तेव्हा ही दोन दप्तरं एक झाली.

सगळं निस्तरून इम्पोर्ट पुन्हा चालवावा, तर सफाईत जुनी टेबलं पाडणाऱ्या ओळीही गेलेल्या. मग १०५० हजर: 'हे टेबल आधीपासूनच अस्तित्वात आहे.'